उभे शब्द, आडवे शब्द

बाप पियानोंचे सूर लावायचा.
ग्रिम्स्बीपासून लाऊथपर्यंत जिथे जिथे पियानो,
तिथे त्याची चामडी पिशवी, त्याची सायकल,
आणि परतल्यावर कोटाला
दर खेपेला निराळ्या साबणाचा वास.
आई विचारायची, लागला का सूर?
तो म्हणायचा, एक तार सारखी उतरते,
पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं लागेल.

आमच्या घरी पियानो नव्हता.

गावात शब्दांना तोटा नव्हता.
विनिफ्रेड आत्या म्हणायची, 'लेडीज मॅन'.
भावासाठी इस्त्री करून ठेवलेला शब्द,
वरच्या खिशात रुमालासकट.
गोदीवरचे लोक म्हणायचे 'टॉमकॅट', आणि हसायचे.
(पुरुषाला हेवा वाटला की त्याला बोका आठवतो.)
पाद्रीबाबा 'रोग' म्हणाले, पण इतकं हळू
की देवाला ऐकू न आल्याचं सोंग घेता यावं.
बेकरीतल्या मिसेस ऑगथॉर्प
पाव कापता कापता म्हणाल्या, 'वुल्फ'.
शाळेत मी नुकतंच वाचलं होतं,
लांडगा बहुधा एकाच मादीबरोबर जन्म काढतो.
बोलले नाही. पाव गरम होता,
आणि त्यांच्या हाताला तोच साबण येत होता,
मागच्या मंगळवारचा.

आई काहीच म्हणायची नाही.
आई शब्दकोडं सोडवायची,
भांडी निथळत ठेवून, पेन्सिल जिभेला लावून.
एका संध्याकाळी तिने मोठ्याने वाचलं:
नऊ आडवा.
बागेत पानं ओढतो, दिवाणखान्यात बायका.
अक्षरं चार.
आणि एका दमात लिहिलं: रेक.
मग उठली, शेडमधून दाताळं काढलं
आणि दिसेनासं होईपर्यंत अंगण ओढत राहिली.
मार्च होता. झाडांना पालवीसुद्धा नव्हती.
ओल्या मातीत नुसत्या रेघा उमटत गेल्या,
कुणीतरी पाटी आखून ठेवावी
आणि लिहायचं राहून जावं, तशा.

'लेडी-किलर'ही कुणीतरी म्हणालं होतं.
पण मेलं कुणीच नाही, त्याच्याखेरीज.
अंत्यविधीला चर्चचा ऑर्गन एका सुराला उतरला
आणि निरनिराळ्या बाकांवर, निरनिराळ्या टोप्यांखाली
सात बायकांनी एकाच क्षणी भुवई चढवली.
कान त्यानेच तयार केलेले.
आईला काही कळलं नाही, तिला कुठला सूर.
पण मोजता येत होतं तिला.

त्या रात्री शब्दकोश घेऊन बसली.
एवढे सगळे लोकांचे शब्द,
आता एक माझा निवडते, म्हणाली,
थडग्यावर नाही, मनात कोरायला.
'फिलँडरर'पाशी बोट थांबलं.
मूळ ग्रीक. प्रेम, आणि पुरुष.
जुना अर्थ: नवऱ्यावर माया करणारी.
चष्मा काढला. पुसला. पुन्हा वाचलं.
अगं, हा तर माझा होता, म्हणाली,
स्टँडवरची छत्री शेजारी घेऊन गेल्यासारखं.
कधी नेला याने? आणि बघ ना,
त्यालाच शोभून दिसला इतकी वर्षं.

मग हसली. बराच वेळ.
मी लहान नव्हते, तरी मला भीती वाटली.

तिच्या मागे टेबलाच्या खणात
ते कोडं सापडलं, चार घड्या घातलेलं.
नऊ आडवा खोडरबराने इतका खोडलाय
की कागदाला भोक पडलंय.
त्यातून खाली येणारे उभे शब्द
बिचारे एकेका अक्षराला मुकलेत.
एक मला अजून ओळखता येत नाही.
सहा अक्षरी आहे. तिसरं अक्षर गेलंय.